समुद्राकाठचा विसावा आणि दालचिनीचे बेट

आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र माहीत झाला तो ६ डिसेंबरमुळे. अचलपूर-परतवाड्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. शाळेच्या नकाशात निळ्या रंगाने रंगवलेला. बडनेऱ्याहून गाडीच्या दारात, संडासाशेजारी, जिथे जागा मिळेल तिथे बसून आमची हजारो माणसे दादरला उतरतात. शिवाजी पार्कच्या धुळीत रात्र काढतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि चैत्यभूमीवर माथा टेकवून बाहेर येतात, तेव्हा समोर समुद्र असतो. त्या पाण्यात पाय भिजवायचे, लेकराला कडेवर घेऊन एक लाट दाखवायची, पुस्तकांच्या दुकानावरून दोन पुस्तके आणि एक दिनदर्शिका घ्यायची, की परतीच्या गाडीची घाई. ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्या किनाऱ्यावर बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला, तिथे निवांत बसावे असे कुणाच्या मनात येत नाही, आणि यायलाही नको. तो आमच्या दुःखाचा समुद्र आहे.

पण माणसे समुद्राकाठी नुसती पडून राहण्यासाठीही जातात, त्यासाठी पैसे मोजतात, आणि परत आल्यावर ताजीतवानी दिसतात, ही गोष्ट आमच्या घरात फार उशिरा पोहोचली.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातले सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतले, एस.टी.तले, आरोग्य खात्यातले लोक, आणि ज्यांची मुले पुण्या-हैदराबादला संगणकाच्या नोकरीला लागली अशी कुटुंबे श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जाऊ लागली आहेत. आमच्याही गावातून असा एक गट गेला. त्यात आम्ही होतो. यात्रेच्या छापील कार्यक्रमात अनुराधपूर, मिहिंतले, दंबुल्ला, कँडी असे सगळे झाल्यावर शेवटी एक ओळ होती : ‘बेंतोट येथे समुद्रकिनारी रिसॉर्टमध्ये दोन दिवस मुक्काम.’ निघण्याआधी विहारात जी बैठक झाली तीत बाकी कशावरही कुणी बोलले नाही. वाद झाला तो या एका ओळीवर.

एका बाजूचे म्हणणे असे, की धम्मयात्रेला निघालेल्या उपासक-उपासिकांनी गोऱ्या पर्यटकांशेजारी आरामखुर्चीत पडून राहणे शोभत नाही. ते दोन दिवस वाचवावेत आणि आणखी चार विहार पाहावेत. दुसरी बाजू म्हणे, पैसे भरलेच आहेत तर सोडायचे कशाला! आम्हांला दोन्ही पटले नाही. पहिल्या बाजूने विसाव्याला चंगळ ठरवले आणि दुसरीने त्याला पैसे वसूल करण्याची बाब केली. विसावा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. आणि तो हक्क या देशाच्या कायद्यात कुणी आणला, हे इतरांनी विसरावे तर समजू शकते, पण आम्हीच विसरावे?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ साली फॅक्टरी कायद्यात पगारी सुट्टीचे प्रकरण घातले गेले, ते विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडणारे बाबासाहेबच. बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षात सलग दहा दिवसांची भरपगारी सुट्टी त्या दुरुस्तीने मिळाली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, दुसरी दुरुस्ती आली. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले, हंगामी कारखान्यांतले ६० वरून ५० झाले. हंगामी कारखाना म्हणजे काय, हे वऱ्हाडाला सांगायला नको. सरकी काढणारे जीन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस. तिथे नाकातोंडात कापसाचे तंतू घेऊन राबणारी माणसे कोण होती, तेही सांगायला नको. मजुराला सुट्टी दिली तर तो ती वाया घालवील, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. साहेबाने महाबळेश्वरला महिना काढला तर ते हवापालट, आणि मजुराने दहा दिवस अंग टाकले तर तो आळस!

शेतमजुराला मात्र ही सुट्टी कधीच मिळाली नाही. निंदण, खुरपण, कापूस वेचणी करणाऱ्या बाईची पगारी रजा कुठल्या कायद्यात आहे? ती घरी बसली की त्या दिवसाची मजुरी बुडाली, एवढाच तिचा हिशेब.

आणि ज्यांना केवळ धम्माच्या आधारानेच गोष्ट पटते, त्यांच्यासाठी सिगालोवाद सुत्त आहे. गृहस्थाने कसे वागावे हे तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितले, त्यात मालकाने चाकराशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. तो आजारी पडला तर शुश्रूषा करावी. घरात काही विशेष पदार्थ झाला तर त्यातला वाटा द्यावा. आणि पाचवी गोष्ट, वेळोवेळी त्याला कामातून मोकळे करावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही पाचवी गोष्ट आम्ही वर्षावासात दरवर्षी ऐकतो. आपल्या घरात वर्षानुवर्षे मोकळे कोण झाले नाही, असा प्रश्न मात्र ऐकताना मनात येत नाही.

आमच्या गटात एक मावशी होत्या. उभे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात गेलेले. मुलगा शिकला, नोकरीला लागला, त्याने आईला धाडले. बेंतोटच्या त्या रिसॉर्टमध्ये पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठून त्यांनी दोन्ही पलंगांच्या चादरींच्या घड्या केल्या, न्हाणीघर धुतले, चहाचे कप विसळून पालथे घातले आणि केरसुणी शोधत व्हरांड्यात आल्या. खोली साफ करणारा सिंहली पोरगा आला, तो बिचारा घाबरला; आपल्या कामाबद्दल तक्रार आहे असे त्याला वाटले. मावशींना कितीदा समजावले, तरी त्या खुर्चीत बसेनात. ‘‘बसून काय करू वं बाई? हात रिकामे असले की मले भेव वाटते,’’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नारळीच्या सावलीत त्यांचा डोळा लागला. चांगल्या दोन तासांनी उठल्या आणि ओशाळून हसत म्हणाल्या, ‘‘मले दुपारी झोप येते, हे मलेच माहीत नव्हतं बाप्पा!’’

वय वर्षे सदुसष्ट. त्या एका झोपेसाठी आम्ही दोन काय, चार विहार सोडायला तयार आहोत.

आमच्याकडे पाऊस पडला की चिखलदऱ्याला जाण्याची रीत आहे. सकाळी डबे भरून निघायचे, घाटात गाड्यांची रांग लावायची, भीमकुंड आणि गाविलगड पाहायचा, मक्याची कणसे खायची आणि रात्री घरी येऊन भांडी घासायची. ती सहल झाली. सहलीत घरची बाई घरच्यापेक्षा जास्त राबते. विसाव्यात तिला काही करायचे नसते. तिच्या हातातले काम दुसऱ्या कुणीतरी, मोबदला घेऊन, केलेले असते. रिसॉर्ट नावाच्या प्रकाराचा आम्हांला कळलेला उपयोग एवढाच. बाकी ती रंगीत छत्री, तो निळा तलाव, त्या तलावाकाठची रंगीत पेये, यांच्यावाचून कुणाचे अडत नाही. समुद्र दाराशी असताना माणसे चुना टाकलेल्या हौदात कशाला डुंबतात, हे आम्हांला कळले नाही.

लंकेचा समुद्र वऱ्हाडी माणसाला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक मोठी भिंत सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेने भरलेली आहे. सिंहल आणि त्याचे पाचशे सोबती समुद्रावर निघतात, गलबत फुटते, ते एका बेटाला लागतात. बेटावर सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, खाऊ-पिऊ घालतात, आरामात ठेवतात. त्या खरे तर राक्षसिणी असतात. ज्यांना मोह आवरत नाही ते गिळले जातात, सिंहल पांढऱ्या घोड्यावर बसून सुटतो. आमच्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बेंतोटला ही कथा सांगितली आणि रिसॉर्टचे बिल आल्यावर पुन्हा एकदा सांगितली.

विनोद सोडा, पण या चित्रात एक मोठी गोष्ट आहे. समुद्र ओलांडला तर माणूस बाटतो, अशी बंदी ज्या धर्मशास्त्रांनी घातली त्यांच्या परंपरेत समुद्र हा भीतीचा विषय झाला. बौद्ध परंपरेत समुद्र ही रोजची वाट होती. जातककथांत नावाडी आहेत, वादळे आहेत, दूरची बंदरे आहेत. मुंबईजवळचे नालासोपारा, म्हणजे जुने शूर्पारक, हे असेच बंदर. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तिथेच सापडले. महिंद आणि संघमित्ता लंकेत धम्म घेऊन गेले. संघमित्तेने बोधिवृक्षाची फांदी समुद्रमार्गे नेली, ती अनुराधपूरला आजही वृक्षरूपाने उभी आहे. मे १९५० मध्ये बाबासाहेब माईसाहेबांसह त्याच बेटावर गेले. कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली होती; राज्यघटनेचे प्रचंड काम नुकतेच संपले होते आणि त्यांची प्रकृती ढासळलेली होती. कोलंबोच्या तरुण बौद्ध संघापुढे भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर ते बोलले. धम्मदीक्षेच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट.

आता त्या किनाऱ्याकडे जाऊ. कोलंबोहून दक्षिणेला गालपर्यंत रेल्वे समुद्राला इतकी खेटून जाते की खिडकीतून लाटांचे तुषार दिसतात. मोटारीपेक्षा या गाडीने जावे. तिकीट स्वस्त आणि उजव्या हाताला बसले की सगळा समुद्र आपला. वाटेत सुमारे ४० किलोमीटरवर कालुतर लागते. नदीच्या तोंडाशी पांढरा शुभ्र चैत्य आहे आणि शेजारी बोधिवृक्ष. हा चैत्य आतून पोकळ आहे, म्हणजे चैत्याच्या पोटात उभे राहून वंदना घेता येते. असा चैत्य आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. जाणारे-येणारे ट्रकचालकही थांबून पेटीत नाणे टाकतात. तिथून पुढे नारळीच्या शेंड्यांना शेंड्यांशी जोडणारे दोर दिसू लागतात. माडी काढणारे लोक खाली न उतरता या दोरांवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पर्यटक त्याचे फोटो काढतात. आम्हांला ते पाहताना पोटात गोळा आला. ती माणसे दोरावर चालतात ती हौसेने नव्हे.

बेंतोट कोलंबोपासून साठ-पासष्ट किलोमीटर. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची लांबच लांब पट्टी. सरकारने या भागात पर्यटनासाठी हॉटेले उभारायला १९६० नंतरच्या दशकात सुरुवात केली. किनारा सुंदर आहे यात वाद नाही. पण आम्ही ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते ठिकाण तिथून आणखी थोडे दक्षिणेला, बलपिटिय नावाच्या गावी आहे, आणि ते कुठल्याही यात्रा कंपनीच्या कागदावर धम्मस्थळ म्हणून लिहिलेले नसते.

बेंतोटच्या प्रत्येक रिसॉर्टमध्ये ‘मदु गंगा नौकाविहार’ अशी पाटी असते. मदु गंगा म्हणजे समुद्राला मिळण्याआधी पसरलेले मोठे, संथ पाणी. त्यात लहान लहान बेटे आणि दोन्ही काठांना कांदळवन. नावाडी तुम्हांला कांदळाच्या बोगद्यातून नेतो, पायाला मासे चावून घेण्याच्या ठिकाणी नेतो आणि एका बेटावर उतरवतो. तिथे एक कुटुंब दालचिनीची फांदी घेऊन साल कशी सोलायची ते दाखवते. आधी वरची खडबडीत साल खरवडायची, मग पितळी दांड्याने फांदी घासायची, मग धारदार सुरीने आतली साल अखंड काढायची. पाच मिनिटांचा खेळ. पर्यटक टाळ्या वाजवतात आणि दालचिनीची पुडी विकत घेतात.

ही दालचिनी सोलणारी माणसे म्हणजे सालागम जात. डच कंपनीच्या राजवटीत दालचिनी हेच त्या किनाऱ्याचे सोने होते आणि सालागमांवर ती सोलून देण्याची सक्ती होती. आणि आता धम्माच्या बाबतीतली गोष्ट ऐका. लंकेत भिक्खूंची उपसंपदा खंडित झाली होती, म्हणून १७५३ साली सयाम देशातून भिक्खू बोलावून ती कँडीला पुन्हा सुरू करण्यात आली. तो सयाम निकाय. पण काही वर्षांतच या निकायाने दार लावून घेतले : उपसंपदा फक्त गोविगम या जमीनदार-शेतकरी जातीच्या माणसालाच मिळेल. बुद्धाच्या संघात, जिथे उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली त्या संघात, जातीची अट!

किनाऱ्यावरच्या सालागम, करावा, दुरावा या जातींच्या लोकांनी ती अट मानली नाही. वेलितर या किनाऱ्यावरच्याच गावचे सालागम जातीचे ज्ञानविमलतिस्स हे आपल्या सोबत्यांना घेऊन १७९९ साली जहाजाने ब्रह्मदेशाला निघाले. तिथल्या राजधानीत, अमरपुरात, त्यांना उपसंपदा मिळाली. ब्रह्मी भिक्खूंना बरोबर घेऊन ते परत आले आणि १८०३ च्या वैशाख पौर्णिमेला त्यांनी बलपिटियला उपसंपदेचा विधी केला. जमिनीवर सीमा बांधायची तर जमीनवाल्यांची, राजाची परवानगी आली. म्हणून त्यांनी ती पाण्यावर बांधली. नावा एकमेकींना जोडून मदु गंगेच्या पाण्यावर सीमा तयार केली आणि त्या तरत्या सीमेत उपसंपदा दिली. विनयात पाण्यावरच्या सीमेची सोय आहे. तिचा असा उपयोग करण्यासाठी मात्र पोटात आग असावी लागते. तिथून जो निकाय सुरू झाला तो अमरपूर निकाय.

सव्वाशे वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याच्या पाण्यापाशी आमच्या माणसांनी काय केले ते वाचकांना माहीत आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाचेच होते, हेही माहीत आहे. आम्ही त्या नावेत बसलो होतो तेव्हा या सगळ्या गोष्टी मनात एकदम आल्या. आमच्या नावाड्याला विचारले, तर त्याने कोथदुवा बेटावरचा विहार दाखवला. १८०३ ची गोष्ट त्यालाही ठाऊक होती, पण पर्यटक विचारत नाहीत म्हणून तो सांगत नाही. आपण विचारावे.

लंकेबद्दल भाबडे होऊन परत येऊ नये म्हणून दोन गोष्टी याच जागी सांगतो. अमरपूर निकायातही पुढे जातवार शाखा पडल्या. जात अशी सहजी मरत नाही. आणि बौद्ध बहुसंख्य असलेल्या या देशाने १९८३ ते २००९ असे गृहयुद्ध पाहिले, त्यात तमिळ जनतेचे अपरिमित हाल झाले. चीवर घातलेल्या काहींनी द्वेषाची भाषा केली, हेही खरे. धम्मयात्रा करायची ती डोळे उघडे ठेवून.

रिसॉर्टमध्येही डोळे उघडे ठेवावे लागतात. तथागतांची मूर्ती आता जगभरच्या हॉटेलांत सजावटीची वस्तू झाली आहे. १९९६ साली पॅरिसमध्ये बुद्धाच्या नावाचा मद्याचा बार निघाला, तेव्हापासून तर ही साथच आली. गोव्यापासून बालीपर्यंत कुठे तलावाकाठी, कुठे जिन्याखाली, कुठे मालिशच्या खोलीत बुद्धाचे नुसते शिर ठेवलेले असते. शिर का? कारण लुटारूंनी मूर्तींची शिरे कापून विकली, त्यातून ही आवड जन्मली. श्रीलंकेत याबाबत कायदा आणि लोकभावना दोन्ही कडक आहेत. २०१२ साली मूर्तीला चुंबन देतानाचे फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवली. २०१४ साली मात्र दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या एका इंग्रज बाईला अटक करून परत पाठवले, तेव्हा अतिरेक झाला. २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली. आपल्या मुलामुलींनी अंगावर गोंदलेले असते, म्हणून ही गोष्ट लक्षात असावी. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, हा नियम तर घरूनच शिकवून न्यावा. एखाद्या हॉटेलात मूर्ती अयोग्य जागी दिसली, तर आरडाओरडा न करता व्यवस्थापकाला चार ओळी लिहून द्याव्यात. आम्ही दिल्या, दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या दाराजवळची मूर्ती स्वागतकक्षात, उंचावर आली.

आता घरच्या पानाला साजेशा व्यवहाराच्या गोष्टी. मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या आणि वैशाख पौर्णिमा साधून जाण्याचा मोह होतो. वैशाखात लंका पाहण्यासारखी असतेच, घरोघरी कंदील आणि रस्तोरस्ती फुकट अन्नदान. पण तेव्हा नैर्ऋत्येचा पाऊस तोंडावर असतो, बेंतोटच्या बाजूचा समुद्र खवळू लागतो, लाल निशाण लागते. त्या दिवसांत समुद्रस्नान करायचे तर पूर्वेकडे, त्रिंकोमलीच्या बाजूला जावे. बेंतोट चांगले ते डिसेंबर ते मार्च. म्हणजे ६ डिसेंबरला दादर करून जानेवारीत जाता येते. पौर्णिमा पाहून जावे. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. एके काळी, १९६६ नंतर काही वर्षे, त्या देशाने रविवारची सुट्टीच काढून टाकून चंद्राच्या तिथींप्रमाणे सुट्टी ठेवली होती. उपोसथ म्हणजे काय, ते अशा दिवशी गावातल्या विहारात पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांकडे पाहून कळते. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी विचारून घ्यावेत. कर्ज काढून मात्र जाऊ नये. कार्यक्रमात ‘रामायणातील स्थळे’ घुसडलेली असतील तर ती काढायला सांगावी आणि त्या वेळात मदु गंगा घ्यावी.

पाण्यात उतरताना वऱ्हाडी माणसाने विशेष जपावे. आम्हांला विहिरीत पोहता येते, नदीत येते. समुद्राची ओढ वेगळी. हिक्कडुव गावाच्या अलीकडे पेरालिय येथे तथागतांची उंच उभी मूर्ती आहे, समुद्राकडे तोंड केलेली. २६ डिसेंबर २००४ रोजी, पौर्णिमेच्या सुट्टीच्या दिवशी, माणसांनी खच्चून भरलेली कोलंबोहून आलेली गाडी तिथे थांबली होती. त्सुनामीची पहिली लाट आली तेव्हा गावकरी जीव वाचवायला गाडीवर चढले. दुसऱ्या लाटेने गाडीच उचलून फेकली. दीड हजारांहून अधिक माणसे गेली. ती पौर्णिमा संघमित्तेच्या आगमनाची होती. आमच्या गटाने तिथे वंदना घेतली, आणि मग दिवसभर कुणी पाण्यात गेले नाही.

लंका ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे त्यांनी हिरमुसू नये. फेब्रुवारीत महाड गाठावे, चवदार तळे पाहावे, तिथून मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आणि त्याच तालुक्यात समुद्राकाठी वेळास. वेळासला त्या दिवसांत कासवांची पिल्ले अंड्यांतून निघून समुद्राकडे चालत जातात आणि गावातली घरे पाहुणे ठेवतात. दोन रात्री राहावे. तिथून पुढे दापोली. रामजी सुभेदार निवृत्तीनंतर तिथे राहिले होते, बाळ भीमाचे काही दिवस तिथलेच. मुरूड, कर्दे, लाडघर असे किनारे आहेत आणि खिशाला झेपेल अशी घरगुती सोय.

आमच्या विहाराच्या महिला मंडळाने येत्या फेब्रुवारीत हीच वाट धरायचे ठरवले आहे. बैठकीत पुन्हा वाद झालाच. स्वस्त पडते म्हणून आचारी, शेगडी, पीठ, तिखट सगळे बरोबर न्यावे, भाज्या काय, बाया मिळून चिरतील, असे पुरुषमंडळींपैकी एक जण म्हणाले. मागे भिंतीशी बसलेल्या आमच्या त्या मावशी उठल्या. ‘‘मंग घरीच राहा ना भाऊ,’’ म्हणाल्या, ‘‘भाजी चिराले समुद्रावर कायले जाव लागते?’’ आचारी रद्द झाला. तिकिटे काढायची आहेत. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी पौर्णिमेच्या वंदनेला नाव द्यावे.